पात्राचं नाव कुणी ठेवलं?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की, कथेतल्या पात्राचं नाव ठरवताना ते एकदा उलटं वाचून पाहा, अक्षरं इकडची तिकडे करून पाहा. त्यावर आलेली बहुतेक पत्रं नावांतल्या कोट्यांविषयी आहेत. काही निवडून घेतली आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत, प्रश्न बदललेले नाहीत.

प्रश्न : मी रहस्यकथा लिहितो आहे. खुनी माणसाचं नाव रमण. शेवटच्या प्रकरणात तपास अधिकारी फळ्यावर 'रमण' लिहितो, पहिल्या दोन अक्षरांची अदलाबदल करतो आणि 'मरण' तयार होतं. तिथेच उलगडा. मित्रांना हा शेवट फार आवडला. तुमचं मत काय?

उत्तर : अदलाबदल सुरेख आहे, ती ठेवा. फळा मात्र काढून टाका.

आधी अदलाबदलीविषयी, कारण इथे मराठी लेखकाला रोमन लिपीपेक्षा वेगळं सामान मिळतं. 1943 च्या 'सन ऑफ ड्रॅक्युला' या चित्रपटात काउंट अ‍ॅल्युकार्ड नावाचा माणूस येतो. रोमन लिपीत ते नाव मागून वाचलं की ड्रॅक्युला. तिथे स्वर आणि व्यंजनं सुटी सुटी असतात, म्हणून ते जमतं. देवनागरीत ड्रॅक्युला मागून वाचायला गेलो तर 'लाक्युड्रॅ' होतं, आणि हे नाव कुठलंही पात्र कुणाला हाक मारून घेणार नाही. आपल्या हातात येतं ते अख्खं अक्षर, मात्रेसकट. त्यामुळे जोडाक्षरांची नावं या खेळात अडतात. दोन-तीन अक्षरांची, मोकळी नावं मात्र चटकन वळतात. वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे : तो 'मरा मरा' म्हणत राहिला आणि त्याचं 'राम राम' झालं. मी एका लांबट वहीत अशी नावं लिहून ठेवते. रवी उलटा केला की वीर. लताचा ताल, राधाची धारा, रेवाचे वारे, सदाचा दास. मदनची पहिली दोन अक्षरं बदलली की दमन, कमलची शेवटची दोन बदलली की कलम. तुमचा रमण त्याच पानावर बसतो.

आता फळ्याविषयी. हस्तलिखित वाचताना असं नाव दिसलं की मी समासात एकच प्रश्न लिहिते : हे नाव कुणी ठेवलं? रमणचं नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलं असेल, तर बाळ पुढे कुणाचा जीव घेणार हे त्यांना कुठे ठाऊक होतं? मग त्या नावातला 'मरण' फक्त तुम्हाला, लेखकाला, माहीत आहे. तपास अधिकाऱ्याने तो शोधून काढणं म्हणजे तुमच्या टेबलाच्या खणातला कागद त्याच्या हाती लागणं. वाचक हसून मान डोलावेल, पण गुन्हा सिद्ध झाला असं त्याला वाटणार नाही. नाव हा पुरावा होत नाही.

ते नाव खुन्याने स्वतः घेतलं असेल तर सगळं बदलतं. माणूस स्वतःचं नवं नाव शोधतो तेव्हा क्वचितच हवेतून उचलतो, जुन्या आयुष्याचा एखादा धागा त्यात ठेवतो. आपल्या कवींची टोपणनावं बघा. गडकऱ्यांनी कवितेसाठी 'गोविंदाग्रज' घेतलं, गोविंदाचा थोरला भाऊ. शिरवाडकर 'कुसुमाग्रज' झाले ते कुसुम या बहिणीमुळे. अत्र्यांनी वडिलांच्या नावावरून 'केशवकुमार' केलं. प्रत्येकाने नवं नाव घेताना घरातलं एक माणूस बरोबर नेलं. तुमचा खुनी काय बरोबर नेतो? समजा, तो एका गावात मदन म्हणून राहिला आणि तिथे एक माणूस मेला. दुसऱ्या गावात तो रमण म्हणून आला. अधिकाऱ्याच्या समोर दोन गावांतल्या दोन नोंदवह्या आहेत. मदन-दमन, रमण-मरण. दोन्ही नावांत पहिल्या दोन अक्षरांचीच अदलाबदल. आता त्याला सापडली ती कोटी नव्हे, एका माणसाची सवय. सवयीचा माग काढता येतो. शिवाय या सवयीतून खुन्याचा स्वभावही कळतो : आपण किती हुशार आहोत हे कुणीतरी ओळखावं, अशी त्याची आतून इच्छा आहे.

दुसरी वाट मला अधिक आवडते. नाव आईवडिलांचंच राहू द्या. शाळेत मुलं त्याला 'मरण' म्हणून चिडवायची. घरात पाठोपाठ दोन मृत्यू झाल्यावर तर ते चिडवणं थांबलंच नाही. ही गोष्ट दुसऱ्या प्रकरणात, त्याच्या बहिणीच्या तोंडून, उगाच बोलता बोलता येऊ द्या. वाचक विसरेल. शेवटी कुणी काही लिहून दाखवायची गरज उरणार नाही.

प्रश्न : माझ्या कादंबरीत लोभी सावकाराचं नाव धनाजी लोभे, प्रामाणिक शिक्षकाचं सत्यवान खरे आणि दुटप्पी पुढाऱ्याचं प्रकाश काळोखे आहे. संपादक म्हणाले, नावं बटबटीत आहेत. पण जुन्या नाटकांत अशीच नावं असायची ना?

उत्तर : असायची, आणि ती का चालायची हे बघण्यासारखं आहे. कृष्णमिश्राचं 'प्रबोधचंद्रोदय' हे अकराव्या शतकातलं संस्कृत नाटक. त्यात विवेक, महामोह, दंभ, अहंकार ही पात्रंच आहेत. तिथे नाव आणि माणूस यांत अंतर नाहीच, कारण माणूस नाहीच. प्रेक्षक ते करार करूनच बसलेला असतो. तुमची कादंबरी मात्र भाडं भरणाऱ्या, खोकणाऱ्या, मुलांच्या गुणपत्रिका बघणाऱ्या माणसांची आहे. तिथे लोभे आडनावाचा लोभी सावकार आला की वाचकाला पुढचं सगळं कळून चुकतं.

देवलांनी 'शारदा'त (1899) काय केलं ते बघा. पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या बापाचं नाव कांचनभट. कांचन म्हणजे सोनं. पण हे नाव कुणाच्याही घरात शोभेल असं आहे. आईवडिलांनी ते कौतुकाने ठेवलं असेल, असं पटतं. लोभ आहे तो माणसात. नाव फक्त त्याच्या शेजारी गप्प उभं आहे. म्हाताऱ्या नवऱ्याचं नाव भुजंगनाथ, ते जरा मोठ्याने बोलतं, पण विषय संतापाचा होता आणि देवलांना तो संताप ऐकू जायला हवा होता.

कधी कधी तर नाव आधी असतं आणि अर्थ मागून येतो. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातला तळीराम इतका जिवंत निघाला की आज वर्तमानपत्रं दारूच्या आहारी गेलेल्या कुणालाही तळीराम म्हणतात. इंग्रजीत शेरिडनच्या 1775 च्या एका नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉपचं असंच झालं. नाव फ्रेंचमधल्या 'अवेळी, अस्थानी' या अर्थाच्या शब्दावरून घेतलेलं, आणि पुढे एका शब्दाच्या जागी त्याच्यासारखाच ऐकू येणारा भलताच शब्द वापरण्याला तिचं नाव मिळालं. आणि त्याच गडकऱ्यांच्या नाटकाचा नायक सुधाकर. सुधाकर म्हणजे चंद्र, सरळसाधं प्रचलित नाव. तरी त्यातली 'सुधा', म्हणजे अमृत, मला त्या पेल्याशेजारी प्रत्येक वाचनात ऐकू येते. एवढ्या हळू आवाजात कोटी असली की ती जन्मभर पुरते.

तुमच्या तिघांपैकी मी 'सत्यवान खरे' ठेवीन, पण त्याला प्रामाणिक करणार नाही. पूर्ण खोटाही नको, तेही सरधोपट होईल. त्याला असा माणूस करा की जो एकदाच खोटं बोलतो आणि नंतर प्रत्येक सही करताना स्वतःचं आडनाव वाचतो. प्रकाश काळोखे हे नाव प्रत्यक्षात असू शकतं, काळोखे आडनाव खरंच आहे. पण त्या नावाच्या माणसाने आयुष्यभर या विनोदाला तोंड दिलेलं असणार. तो सभेत स्वतःच ती कोटी करून टाळ्या घेत असेल, तर नाव राहू दे. तो पुढारी मला लगेच दिसतो. धनाजीला दुसरं आडनाव द्या.

आणखी एक युक्ती 'मृच्छकटिका'तून. राजाचा मेव्हणा शकार 'स'च्या जागी 'श' बोलतो, त्यावरून तो शकार. नाव त्याच्या दुर्गुणावरून आलं नाही, जिभेवरून आलं. शेजारीपाजारी माणसाला जे नाव पाडतात ते बहुतेक असंच असतं, त्याच्या चालीवरून, बोलण्यातल्या एखाद्या शब्दावरून. सावकाराच्या लोभावरून नाव शोधण्यापेक्षा तो पैसे मोजताना काय पुटपुटतो ते ऐका.

प्रश्न : माझ्या कथेत नायकाच्या आजारी आईचं नाव आशा आहे. शेवटचं वाक्य आहे, 'आशा संपली.' वाचकाला दोन्ही अर्थ कळावेत म्हणून नायकाने ते मनात उलगडून सांगावं का?

उत्तर : नको. नायकाला बोलायला लावू नका, कुणाला तरी चुकीचं ऐकू येऊ द्या.

यासाठी शाकुंतलाचा सातवा अंक पुन्हा उघडा. दुष्यंत आश्रमात आला आहे. समोर एक लहान मुलगा सिंहाच्या छाव्याशी खेळतो आहे. आपला मुलगा आपल्यासमोर आहे हे राजाला माहीत नाही. तापसी त्या मुलाचं लक्ष वळवण्यासाठी मातीचा रंगीत मोर आणते आणि म्हणते, सर्वदमना, हे शकुंत-लावण्य बघ. शकुंत म्हणजे पक्षी. ती पाखराच्या सौंदर्याविषयी बोलते आहे. मुलाला मात्र त्या दोन शब्दांच्या सांध्यात 'शकुंतला' ऐकू येतं, आणि तो आई कुठे आहे म्हणून बघायला लागतो. राजा ते ऐकतो.

मला या जागेचं नवल कधी संपत नाही. श्लेष कालिदासाचा आहे, पण रंगमंचावर तो कुणीच केलेला नाही. तापसीला कोटी करायची नव्हती. मुलाला कोटी कळण्याचं वय नाही. आईच्या नावाला टवकारलेले कान तेवढे आहेत. आणि राजा? तो लगेच धावत नाही. नावं सारखी असू शकतात, असं तो स्वतःला बजावतो. खात्री पटायला पुढे मुलाच्या मनगटावरून गळून पडलेला ताईत लागतो. रहस्यकथा लिहिणाऱ्या वरच्या वाचकांनीही हे बघावं : नावाने राजाच्या मनात फक्त हालचाल केली, पुरावा वेगळा आला. मुलाचं 'सर्वदमन' हे नावही आश्रमवासीयांनी त्याचे उद्योग बघून पाडलेलं. नाव कुणी ठेवलं, याचं उत्तर तयार आहे.

आता तुमची आशा. 'आशा संपली' हे वाक्य तुम्ही निवेदकाला दिलं आहे, म्हणून ते सजवल्यासारखं वाटतं. ते डॉक्टरांना द्या. डॉक्टर दारात उभे राहून नायकाला हळूच म्हणतात, 'आता आशा नाही.' जवळ नायकाची चार वर्षांची मुलगी आहे. आजीला येणारे-जाणारे सगळे आशा म्हणतात, हे तिला ठाऊक आहे. ती म्हणते, 'आहे की. आत झोपलीय.' कथा इथे संपवायची की आणखी एक परिच्छेद चालवायची ते तुम्ही ठरवा, पण श्लेष उलगडून सांगायची गरज कुणालाच पडणार नाही. वाचकाला मात्र ती 'आशा' नावाची व्यक्ती आधी नीट भेटलेली हवी. तिचं नाव पहिल्या पानावर दोनदा तरी हाकेत येऊ द्या, अगदी साध्या कामासाठी मारलेल्या हाकेत.

प्रश्न : माझा नायक प्रत्येक काम पुढे ढकलणारा कारकून. त्याच्या नावाची पाटी : ज. रा. तांबे. वाचताना 'जरा थांबे' ऐकू यावं. जमलंय का?

उत्तर : कान चांगला आहे तुमचा. जनार्दन रामचंद्र हे नाव खरं वाटतं, पाटीवर आद्याक्षरंच असतात, आणि ऑफिसातल्या लोकांनी हे 'जरा थांबे' शोधून काढलेलं असणार हेही पटतं. अडचण एकच. मराठी वाचकाला 'रा. तांबे' एवढं दिसलं की आधी कवी भा. रा. तांबे आठवतात. कारकून कविता करत असेल, किंवा लहानपणी त्याला कुणी 'तुम्ही कवींच्या नात्यातले का?' असं विचारून हैराण केलं असेल, तर ही आठवण तुमच्या कामाची. नाहीतर वाचक तुमच्या दाराऐवजी शेजारचं दार उघडेल. कोटी मोठ्याने म्हणून पाहताना ती आणखी कुणाला हाक मारते, हेही ऐकत जा.

प्रश्न : माझ्या कथेची नायिका कमल, 'कलम' या टोपणनावाने लिहिते. कथा इंग्रजीत जाते आहे. अनुवादक म्हणतात, ही गंमत जाणार नाही, नाव बदलू या. बदलू द्यावं का?

उत्तर : घाई नको. रोमन लिपीतही कमल आणि कलम यांची अक्षरं तीच राहतात, फक्त जागा बदलतात. त्यामुळे अक्षरांचा खेळ इंग्रजीतही पोचतो आहे, हरवतो आहे तो अर्थ. फूल आणि लेखणी. तो अर्थ कथेत आधीच पोचवता येईल. वडील तिच्या हातात पहिली लेखणी देताना 'ही तुझी कलम' म्हणतात, एवढं एक वाक्य पुरे.

नाव बदलणं हा गुन्हा नाही, हेही सांगते. हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकात टॉम मार्व्होलो रिडल या नावाची अक्षरं फिरवून 'मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट आहे' या अर्थाचं इंग्रजी वाक्य तयार होतं. फ्रेंच अनुवादात त्याला टॉम एल्व्हिस जेड्युझॉर हे नाव दिलं गेलं, कारण त्यातून 'मी व्होल्डेमॉर्ट आहे' हे फ्रेंच वाक्य निघतं. तिथे अक्षरांमधून वाक्य निघणं हाच कथेतला प्रसंग होता, ते सोडून चाललंच नसतं. तुमच्या कथेत प्रसंग कशावर उभा आहे, अक्षरांवर की लेखणीवर? मला तरी लेखणीवर वाटतो. कमल राहू द्या.

प्रश्न : माझ्या आधीच्या वरिष्ठांवर एक कथा लिहिली आहे. त्यांच्या नावाची अक्षरं फिरवून पात्राला नाव दिलं आहे, म्हणजे ओळखणाऱ्याला बरोबर ओळखता येईल. छापायला हरकत आहे का?

उत्तर : माझी हरकत आहे. ओळखणाऱ्याला ओळखता यावं म्हणून केलेला खेळ वाचकासाठी नसतो. ज्यांनी त्या वरिष्ठांना पाहिलेलं नाही, त्यांना त्या नावात काहीच सापडणार नाही. ज्यांनी पाहिलं आहे, ते कथा न वाचता फक्त नाव वाचतील. कायद्याचा धोका आहे तो वेगळाच, नाव फिरवल्याने तो टळत नाही. त्यांनी तुमच्याशी जे केलं त्यात कथा असेल तर ती दुसऱ्या माणसावर, दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या वयात नेऊन बघा. तिथेही ती उभी राहिली तर मला वाचायला आवडेल.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्या गोष्टीत असा ग्रह आहे, जिथे आपल्यासारखीच माणसं आहेत पण नावं उलटी. विजयाला मी 'याजवि' केलं आणि प्रल्हादला 'दल्हाप्र'. ताई म्हणते, वाचताच येत नाही. काय करू?

उत्तर : ताईचं ऐक, पण ग्रह सोडू नकोस. सॅम्युअल बटलर नावाच्या इंग्रज लेखकाने 1872 मध्ये 'एरेव्हॉन' नावाच्या देशाची गोष्ट लिहिली. इंग्रजीतला 'नोव्हेअर', म्हणजे 'कुठेच नाही', हा शब्द त्याने उलटा केला. नीट उलटा केला असता तर उच्चारायला अवघड झाला असता, म्हणून मधली दोन रोमन अक्षरं त्याने उलटी न करता होती तशीच ठेवली. नियम जिभेसाठी वाकवला तरी चालतो. त्या देशात यराम नावाची मुलगी आहे, ती आपली मेरी. नॉस्निबॉर आहे, तो रॉबिन्सन.

तू नियम वाकवण्याआधी नावं निवडून बघ. राधा तिथे धारा होईल, रेवा वारे होईल, रवी वीर होईल. ही नावं वाचायला सोपी, आणि उलटल्यावर त्यांना वेगळा अर्थही येतो. मग तिथली धारा आपल्या राधासारखी शांत असेल का, की सतत बोलणारी? दल्हाप्रला मात्र सुट्टी दे.

'चिमा काय कामाची' हे वाक्य तू उलटं वाचून पाहिलं असशील. दोन्हीकडून तेच. तशी नावंही असतात : नयन, कनक, नलिन, नवीन. आता विचार कर, तुझ्या ग्रहावर नवीन नावाचा मुलगा आला तर? तिथे कोण कुठला हे नावावरून ओळखतात, आणि याचं नाव तर दोन्हीकडे सारखंच. तो इथला की तिथला, हे पहारेकऱ्याला कसं कळणार? तो स्वतः काय सांगेल? गोष्ट तिथून सुरू करून बघ आणि झाली की मला पाठव. शुद्धलेखन ताईकडून तपासून घे.